सिगारचा कडकपणा कुठून येतो?

‘सिगारचा धूर छातीत ओढायचा नसतो, तोंडात घोळवून सोडून द्यायचा असतो, म्हणून तो सिगारेटइतका बाधत नाही,’ हे विधान अलीकडे नागपुरातही वारंवार कानावर येते. निकाराग्वातील एस्तेली किंवा डोमिनिकन प्रजासत्ताकातील सांतियागो येथील छोट्या कारखान्यांत थोड्या संख्येने, हाताने वळलेल्या ‘बुटीक’ सिगारांची चव कशी पारखावी, याविषयी आवडीने बोलणारी मंडळी आता इथेही भेटतात आणि त्यांतले बरेचजण हे विधान निर्विवाद सत्य म्हणून सांगतात. विधानाचा पूर्वार्ध बरोबर आहे. उत्तरार्ध चुकीचा आहे, आणि तो का चुकीचा आहे हे सांगणारे रसायनशास्त्र नागपूरच्या पानठेल्यांवर रोज वापरले जाते.

सिगार पारखणारे तो पेटवण्याआधीच बरेच काही पाहतात. बोटांनी हलके दाबून आत कुठे गाठ किंवा पोकळी आहे का, टोक कापल्यावर हवा किती सहज ओढली जाते, पेटवायच्या टोकाला वास कसा येतो, याच्या नोंदी होतात. पेटवल्यावर जळती कड सरळ सरकते का आणि थोडा धूर नाकावाटे बाहेर सोडल्यावर काय जाणवते, हे पाहिले जाते. या नोंदींत सुगंध आणि कडकपणा यांचे रकाने वेगळे ठेवतात आणि ते योग्यच आहे. कोको, देवदार, भाजलेली कॉफी ही वर्णने नाकाच्या वरच्या भागातील गंधग्राहकांमुळे शक्य होतात. कडकपणा हा मात्र मुख्यतः निकोटीनचा परिणाम असतो. ‘तंबाखू लागली’ असे आपण म्हणतो, तेव्हाची मळमळ, कपाळावरचा घाम आणि गरगरणारे डोके ही त्याचीच पुढची पायरी होय.

आता खरा प्रश्न असा की, तोंडात घोळवलेल्या धुरातले निकोटीन रक्तात पोहोचते कसे? १८२८ मध्ये हायडेलबर्ग येथे पोसेल्ट आणि राइमान यांनी तंबाखूतून प्रथम शुद्ध स्वरूपात वेगळा केलेला हा पदार्थ आम्लारिधर्मी आहे. आम्लयुक्त परिसरात त्याचा रेणू एक प्रोटॉन स्वीकारतो आणि धनप्रभारित होतो. पेशींचे पटल स्निग्ध पदार्थांचे बनलेले असल्यामुळे प्रभारित रेणूला त्यातून सहज पार होता येत नाही. प्रभार नसलेला, ‘मुक्त’ रेणू मात्र त्यात विरघळून पलीकडे जातो. मुक्त आणि प्रभारित रेणूंचे प्रमाण पीएचवर, म्हणजे आम्लता मोजण्याच्या मापावर अवलंबून असते; पीएच जितका कमी तितका पदार्थ आम्लधर्मी, जितका जास्त तितका आम्लारिधर्मी. पीएच ८ च्या आसपास दोन्ही निम्मे-निम्मे असतात, आणि पीएच एकने बदलला की त्यांचे गुणोत्तर दहापट बदलते. म्हणजे पीएच ६ असताना जेमतेम १ टक्का निकोटीन मुक्त असते, ७ असताना सुमारे ९ टक्के, ८ असताना ५० टक्के आणि ९ असताना सुमारे ९१ टक्के. पीएचचे मापन घातांकी असल्यामुळे धुराच्या आम्लतेतील किरकोळ वाटणारा फरकही निकोटीनचा मार्ग पूर्णपणे बदलून टाकतो.

सिगारेटचा धूर साधारणपणे आम्लधर्मी असतो. त्यातले बहुतेक निकोटीन प्रभारित असल्याने ते तोंडात फारसे शोषले जात नाही. फुप्फुसांचा अफाट पृष्ठभाग आणि तेथील ७.४ पीएचचे रक्त मिळाल्यावरच ते झपाट्याने आत शिरते. सिगारचा धूर त्या मानाने आम्लारिधर्मी असतो, म्हणून गालाच्या आतले अस्तरच त्याला पुरेसे ठरते. धूर छातीत ओढावा लागत नाही, याचे कारण हे आहे.

खर्रा घोटणारा ठेलेवाला सुपारीचे तुकडे आणि तंबाखू पन्नीत घेतो, त्यावर चुना लावतो आणि पन्नी जोरजोरात घासून सगळे एकजीव करतो, तेव्हा तो हेच साधत असतो. चुना म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड. त्याने मिश्रणाचा पीएच वाढतो आणि निकोटीन मुक्त होते. खर्रा खाणाऱ्यांच्या तोंडाची काय दशा होते, हे विदर्भात कोणाला सांगायला नको. सिगारच्या बाबतीतही तोंड, घसा आणि अन्ननलिका यांच्या कर्करोगाचा धोका धूर छातीत न ओढणाऱ्यांना चुकत नाही, कारण धुरातील कर्करोगकारक द्रव्ये त्याच अस्तरावर बसतात. ‘हाताने वळलेला, निव्वळ पानाचा, म्हणून नैसर्गिक आणि निर्धोक’ ही जाहिरातबाजी आहे. निकोटीन आणि नायट्रोसमाइन ही कर्करोगकारक द्रव्ये त्या निव्वळ पानातच असतात.

सिगारच्या पानात चुना नसतो, मग आम्लारिता येते कुठून? सिगारेटसाठी लागणारी व्हर्जिनिया तंबाखू भट्टीच्या उष्णतेने काही दिवसांत वाळवतात, त्यामुळे तिच्यात साखर शिल्लक राहते आणि ती जळताना आम्ले तयार होतात. सिगारचे पान मात्र छपराखाली टांगून कित्येक आठवडे सावकाश वाळवले जाते. या काळात पानाच्या पेशी जिवंतपणाची शेवटची साखर संपवून टाकतात. नंतर ओलसर पानांचे ढीग रचतात. ते आतून आपोआप तापतात, आणि उष्णता हाताबाहेर जाण्यापूर्वी ढीग मोडून पुन्हा रचावा लागतो. या आंबवण्यात प्रथिनांचे विघटन होऊन अमोनिया सुटतो. बराचसा उडून जातो, थोडा पानात उरतो. न पेटवलेल्या टोकाला नाकाला झोंबणारा अमोनियाचा दर्प आला, तर पान पुरते मुरलेले नाही असे पारखी मानतात, आणि त्याला भक्कम आधार आहे.

‘काळपट आवरणाचा सिगार कडक’ या समजुतीला मात्र तसा आधार नाही. गडद रंग बहुधा अधिक उष्ण व दीर्घ आंबवण्यातून येतो, आणि आंबवताना पानातले निकोटीन उलट काही प्रमाणात घटते. कडकपणा मुख्यतः आतल्या भरणातून येतो, विशेषतः झाडाच्या शेंड्याकडच्या, भरपूर ऊन मिळालेल्या ‘लिगेरो’ पानांतून. पांढरीशुभ्र राख म्हणजे उत्तम प्रत, हाही असाच ग्रह आहे. राखेचा रंग पानातील कॅल्शियम, मॅग्नेशियम यांसारख्या खनिजांवर आणि ज्वलनावर ठरतो, चवीवर नाही.

सिगार जळत जातो तसा त्याच्या धुराचा पीएचही बदलतो. पहिल्या झुरक्यांचा धूर काहीसा आम्लधर्मी असतो आणि पुढे तो आम्लारिधर्मी होत जातो. शिवाय जळत्या टोकाकडून आलेल्या धुरातील निकोटीन आणि इतर द्रव्ये मागच्या न जळलेल्या पानांवर साचतात आणि कड तिथवर पोहोचली की पुन्हा धुरात मिसळतात. शेवटच्या तिसऱ्या भागात तोच सिगार एकाएकी कडक का झाला, असे जे वाटते, त्यामागे ही दोन्ही कारणे आहेत. पहिल्या चार झुरक्यांवरून कडकपणाला दिलेले गुण त्यामुळे बहुतेक वेळा कमीच पडतात.