गोगलगाय आणि मिठाचं पाणी

२०२२ च्या खरिपात लातूर, बीड, धाराशिवच्या पट्ट्यात सोयाबीन नुकतं दोन पानांवर आलं होतं, तेवढ्यात शंखी गोगलगायींनी ते फस्त केलं. कित्येकांवर दुबार पेरणीची पाळी आली. आमच्या घरी रोजचा कार्यक्रमच ठरला होता: संध्याकाळी गुळाच्या पाण्यात भिजवलेली पोती बांधावर टाकायची, पहाटे त्यांच्याखाली जमलेल्या गोगलगायी वेचायच्या आणि मिठाच्या पाण्याच्या बादलीत सोडायच्या. बादलीत पडली की गोगलगाय फेसाळते, आक्रसते आणि थोड्या वेळात संपते. बघवत नाही, पण दुसरा इलाजही नव्हता.

त्याच वर्षी डिसेंबरात पुतण्याला घेऊन हरिहरेश्वरला गेलो. ओहोटी होती. उघड्या पडलेल्या काळ्या खडकांवर, खारट डबक्यांच्या कडेला, बोराएवढ्या, हरभऱ्याएवढ्या शंखांची दाटी. पुतण्यानं दोन मिनिटं पाहिलं आणि विचारलं, “काका, यांना मीठ बाधत नाही का?”

कैरीच्या फोडींना मीठ लावलं की पाणी सुटतं, तसंच बादलीतल्या गोगलगायीचं होतं. तिच्या अंगातला द्रव मिठाच्या पाण्यापेक्षा खूप कमी खारट असतो. तिची ओली, पातळ कातडी पाणी अडवू शकत नाही, म्हणून आतलं पाणी बाहेर ओढलं जातं. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात आणि खडकावरच्या शंखांचं रक्त जवळपास तितकंच खारट असतं. आत-बाहेर सारखंच असल्यावर पाणी ओढलं जाणार कुठून? त्यांना भीती आहे ती गोड्या पाण्याची. ते अंगात शिरतं आणि शरीर फुगवतं. त्यामुळे जुलैत ओहोटीच्या वेळी पावसाची जोराची सर आली की हे शंख आत शिरून दार लावून घेतात.

दार हा शब्द मी उगाच वापरलेला नाही. या शंखाच्या पायाच्या मागच्या भागावर एक चकती असते. प्राणी आत ओढला गेला की ती शंखाच्या तोंडावर बरोबर बसते. काहींची नखासारखी पातळ असते, तर नेरिटा गटातल्या शंखांची चुन्याची, टणक. आमच्या शेतातल्या गोगलगायीला असं झाकण नसतं. मे महिन्यात गोठ्यामागचा पालापाचोळा उकरला तर तिचे शंख सापडतात आणि त्यांच्या तोंडावर कागदासारखा पांढरट पडदा दिसतो. तो तिनंच आपल्या चिकट स्रावाचा वाळवून केलेला असतो. मृगाचा पाऊस पडला की पडदा मोडून ती बाहेर येते.

ती उन्हाळा काढते तो वर्षातून एकदा. खडकावरच्या शंखांवर मात्र दिवसातून दोनदा दुष्काळ येतो, कारण कोकणच्या किनाऱ्याला रोज दोन भरत्या आणि दोन ओहोट्या. त्यात खडकही आपला ओळखीचा. वेरूळची लेणी ज्या दगडात कोरली, तोच हा काळा बेसाल्ट. दुपारच्या उन्हात तो कसा तापतो हे आपल्याला वेगळं सांगायला नको. सगळ्यात वर, जिथं लाटेचे नुसते शिंतोडे पोचतात, तिथले बारके शंख एक युक्ती करतात. शंखाची कड चिकट स्रावानं दगडाला डकवायची आणि पाय आत घेऊन झाकण लावायचं. मग तापल्या दगडाला टेकलेली असते ती फक्त वाळलेल्या स्रावाची एक बारीक पट्टी. खालच्या अंगाचे नेरिटा कपारींत दाटीनं बसतात आणि शंखात थोडं पाणी राखून ठेवतात.

इतका त्रास सोसण्यापेक्षा सगळेच खाली ओलाव्यात का जात नाहीत? खाली खेकडे असतात, ते शंखाची कड तोडत तोडत आतलं मांस काढतात. शिकारी शंखही असतात. ते कवच आधी रसायनानं मऊ करतात, मग दातेरी जिभेनं खरवडून भोक पाडतात. वाळूत कधी कधी मुद्दाम पाडल्यासारखं गोल भोक असलेला शिंपला सापडतो, ती अशाच एखाद्या शंखाची करामत. ढोबळमानानं सांगायचं तर शंखांची वरची हद्द ऊन ठरवतं आणि खालची शत्रू. अपवाद मात्र पुष्कळ.

या दातेरी जिभेनं शाकाहारी शंख दगडावरचं शेवाळ किसून खातात आणि खडकावर काय उगवायचं तेही त्यातून ठरतं. अमेरिकेच्या सागरी जीवशास्त्रज्ञ जेन लुबचेन्को यांनी १९७८ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग मला फार आवडतो, कारण तो कुठल्याही शेतकऱ्याला लगेच कळेल. ओहोटीनंतर खडकात उरणाऱ्या एका डबक्यातले सगळे शंख त्यांनी काढून टाकले. शंखांच्या आवडीचं मऊ हिरवं शेवाळ तिथं भराभर माजलं आणि आधीच्या चिवट लाल शेवाळाला त्यानं दाबून टाकलं. हिरव्या शेवाळानं भरलेल्या दुसऱ्या डबक्यात शंख सोडले, तर ते शेवाळ नाहीसं झालं. शंख ना फार, ना थोडे अशा डबक्यांत शेवाळाच्या सगळ्यात जास्त जाती नांदत होत्या. उघड्या खडकावर मात्र हे गणित उलटलं. तिथं शंखांना न आवडणारी शेवाळंच जोरावर होती, त्यामुळे शंख जितके वाढले तितक्या जाती घटल्या. खुरपणारा तोच, पण वावर बदललं.

पुतण्यानं निघताना एक बारका शंख खिशात घातला होता आणि तो विसरूनही गेला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लातुरात चड्डी धुवायला काढली तेव्हा तो सापडला, झाकण गच्च बंद. मेला असणार, असं मीही धरून चाललो. तरी वाडग्यात पाणी घेतलं, अंदाजानं मीठ विरघळवलं आणि त्यात ठेवला. जेवणं उरकून पाहिलं, तर दोन केसाएवढ्या शिंगा बाहेर आल्या होत्या आणि स्वारी वाडग्याची कड चढत होती. महिनाभर बादलीत गोगलगायी टाकलेली आई मागे येऊन उभी राहिली. पाहिलं आणि म्हणाली, “झाकून ठिव बाबा. शेतात गेली म्हंजे!”