‘होणारच’ म्हणणारे दोघं: एकाकडं स्वप्न, दुसऱ्याकडं भरवसा

पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या कुठल्याही दोन पोरांना विचारा, काय रे, होतंय का यंदा? दोघं पण म्हणतील, "होणारच की भाऊ!" आवाज तोच, छाती तेवढीच पुढं, बघणाऱ्याला वाटतं दोघांचा कॉन्फिडन्स सेम आहे. पण जरा खोदून विचारा, कशावरून होणार? मग एक जण म्हणतो, डोळे मिटले की वर्दीच दिसते भाऊ, गावात एन्ट्री कशी मारायची ते पण ठरलंय, डीजेवाल्याला सांगून ठेवलंय. दुसरा म्हणतो, सोळाशे मीटर दिवाळीला साडेसहा मिनिटात मारत होतो, आता पावणेसहात यायलोय, लेखीला गणित अजून मार खातंय पण मागच्यापेक्षा बरंय.

पहिल्याचं चाललंय ते स्वप्न रंगवणं, दुसऱ्याकडं आहे तो भरवसा. आपण दोन्हीला सरसकट पॉझिटिव्ह थिंकिंग म्हणून मोकळे होतो आणि घोळ तिथंच होतो, कारण ह्या दोन गोष्टी माणसाला चक्क उलट्या बाजूला ओढतात.

हे मनाचं सांगत नाही. गॅब्रिएल ओटिंगेन आणि डॉरिस मायर ह्या दोन मानसशास्त्रज्ञ बायांनी २००२ साली ह्यावरच पेपर छापला. जर्मनीत डिग्री संपवून नोकरी शोधणारी पोरं घेतली आणि त्यांना दोन वेगवेगळ्या गोष्टी विचारल्या: नोकरी लागायचे चान्स किती वाटतात, आणि नोकरी लागल्याचे गोड गोड विचार मनात किती वेळा येतात. दोन वर्षांनी त्याच पोरांना परत गाठलं. चान्स चांगले वाटणाऱ्यांना ऑफर जास्त मिळाल्या होत्या, पगार पण बरा होता. गोड चित्रांत रमणाऱ्यांनी मात्र अर्जच कमी टाकले होते, मग ऑफर कमी, पगारही कमी. त्याच पेपरात खुब्याचं ऑपरेशन झालेले पेशंट पण आहेत आणि तिथंही तसंच, बरं होण्याची नुसती छान छान चित्रं रंगवणारे उशिरा सावरले.

असं का होत असेल? आमच्या बीडकडं ऊसतोडीला जाणाऱ्या जोडीला मुकादम सीझनच्या आधीच उचल देतो. पैसा आधी हातात येतो, लग्नात, दवाखान्यात, जुन्या उधारीत जिरतो, आणि मग फडात कोयता चालवायचा तो उचल फेडायला. स्वप्न रंगवणं म्हणजे यशाच्या आनंदाची उचल घेणं. एन्ट्रीची रील डोक्यात पंधरा वेळा फिरली की जिंकल्याचं सुख थोडं थोडं मिळून गेलेलंच असतं, मग पहाटे साडेचारला उठून थंडीत पळायला जीव तेवढा तुटत नाही. फरक एवढाच की ऊसतोडवाला उचल घेतो ती गरजेपायी, आणि वसुलीला मुकादम दारात उभा राहतो. डोक्यातल्या उचलीला मुकादमच नाही, म्हणून ती फिटतच नाही, वरून नवीन घेत राहतो आपण.

आणि हे अंगात पण दिसतं बरं का. हेदर कॅप्पस आणि ह्याच ओटिंगेनबाईंनी २०११ साली दाखवलं की लोकांना भविष्याचं एकदम मस्त चित्र रंगवायला लावलं की बीपीचा वरचा आकडा खाली येतो, म्हणजे शरीर कामाला सज्ज व्हायच्या ऐवजी सैल पडतं. रात्री टेन्शनमध्ये झोप येत नसेल तर हे चांगलंच आहे, पण सकाळी दहाला अभ्यासिकेत बसताना नको.

ह्याच्यात अजून एक भर पडते ती आपल्या लोकांची. पोरगा फॉर्म भरून आला की पारावर लगेच "या साहेब" सुरू होतं, मामा चहा सांगतो, वाढदिवसाला फ्लेक्सवर नावाच्या आधी ‘भावी’ लागतं. पीटर गोल्विट्झर (हे ओटिंगेनबाईंचे नवरे, घरात जेवताना दुसरा विषय निघत असेल का कुणास ठाऊक) आणि त्यांच्या टीमनं २००९ साली कायद्याच्या विद्यार्थ्यांवर प्रयोग केले. चांगला वकील व्हायसाठी मी अमुक करणार असा ज्यांचा इरादा दुसऱ्या कुणी वाचून दखल घेतली, ते पुढं त्या कामात कमी राबले. लोकांनी ओळख आधीच देऊन टाकली की ती कमवायची घाई संपते. म्हणून सगळंच लपवून ठेवा असं नाही, "रोज एक पेपर सोडवायलोय" हे रूम पार्टनरला बिनधास्त सांगा, कारण त्यात मिरवण्यासारखं काही नसतं आणि संध्याकाळी तो विचारतो पण, सोडवला का?

आता भरवसा. हा कुठून येतो ह्यावर मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा ह्यांनी १९७७ सालीच लिहून ठेवलंय आणि त्यांनी चार वाटा सांगितल्यात. सगळ्यात दमदार वाट म्हणजे स्वतः करून बघितलेलं. दुसरी, आपल्यासारख्याच कुणालातरी ते जमलेलं बघणं. लातूरला शेजारच्या गल्लीतली पोरगी मेडिकलला लागली की आख्ख्या गल्लीला ‘नीट’ची परीक्षा जमण्यासारखी वाटायला लागते ते ह्याच्यामुळं. तिसरी वाट लोकांनी "तू करशील रे" म्हणणं, ही त्यामानानं लवकर विरते, आणि आपला सगळा मोटिव्हेशनचा धंदा नेमका हिच्यावरच चालतो! चौथी म्हणजे शरीराची हालत, पोटात गोळा आला की वाटतं आपल्याच्यानं काही होत नाही.

पहिली वाट कशी असते ते बघायचं तर आष्टी तालुक्यातल्या मांडव्याच्या धावपटू अविनाश साबळेचे आकडे बघा. बारावीनंतर सैन्यात, महार रेजिमेंट. ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये (अडथळे ओलांडत पळायची रेस) २०१८ साली भुवनेश्वरला ८ मिनिटं २९.८० सेकंद, गोपाल सैनींचा १९८१ पासूनचा नॅशनल रेकॉर्ड मोडला. मग स्वतःचाच मोडत गेला. २०१९ ला दोह्यात ८:२१.३७. २०२२ ला बर्मिंगहॅमच्या कॉमनवेल्थला ८:११.२० आणि सिल्व्हर, गोल्ड ०.०५ सेकंदानं हुकलं, पापणी लवायला ह्याच्यापेक्षा जास्त वेळ लागतो. २०२३ ला एशियन गेम्सचं गोल्ड. २०२४ च्या जुलैत पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये ८:०९.९१. सहा वर्षांत मिळवले ते वीस सेकंद पण पूर्ण नाहीत, पण प्रत्येक टाइमिंग पुढच्या रेसला साक्षीदार म्हणून उभं राहतं. अशा माणसाला "कशावरून?" विचारलं तर त्याला डोळे मिटून काही आठवावं लागत नाही.

मग ते "आत्तापासूनच आपल्याला व्हायचंय तो माणूस असल्यासारखं वागा" म्हणतात, ते खोटं का? अर्धं खरं आहे. वागायचं म्हणजे नेमकं काय, तिथं लोक फसतात. सिडकोतल्या एका रूमचं सांगतो. दाराच्या आतल्या बाजूला एकानं स्केचपेननं पीएसआयचे दोन स्टार आणि खाली लाल-निळी पट्टी काढलेली, वर स्वतःचं नाव, काढलंय पण एकदम झकास, आणि टेबलावर मागच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिकांचा संच, प्लास्टिकचं कव्हर अजून फोडलेलं नाही. त्याच रूममधल्या दुसऱ्याच्या कॉटपाशी बँकेचं फुकटचं कॅलेंडर, त्यावर रोजच्या चौकोनात बॉलपेननं बारीक आकडे, कुठं मार्क, कुठं टाइमिंग, मध्ये चार दिवस ‘ताप’. दोघं पण म्हणतात आम्ही अधिकारी असल्यासारखंच जगायलोय. त्यातला एक वर्दी घालून बघायलाय आणि एक काम करायलाय, आणि खरं सांगायचं तर चित्र पहिल्याचंच छान दिसतं.

स्वप्न बघूच नका असं कुणी म्हणत नाही, ओटिंगेनबाई पण नाही. त्यांचं म्हणणं, चित्र बघा आणि लगेच त्याच्या शेजारी आपल्याच आतली अडचण ठेवा. वर्दी दिसली का? बरं, मध्ये काय आडवं येतंय? रात्री जेवण झालं की मोबाईल हातात येतो आणि बारा वाजतात. मग आधीच वाक्य बांधून ठेवायचं: ताट धुतलं की मोबाईल पार्टनरच्या पेटीत. असलं ‘अमुक झालं की तमुक करणार’ हे गोल्विट्झर ह्यांचं आवडतं प्रकरण, २००६ साली त्यांनी आणि पास्कल शीरन ह्यांनी ९४ अभ्यास एकत्र करून बघितले आणि परिणाम चांगलाच दणकट निघाला. आणि एकवीस दिवसांत सवय लागते ह्याच्यावर जाऊ नका. लंडनमध्ये फिलिपा लॅली ह्यांनी ९६ लोकांवर बघितलं तर सरासरी ६६ दिवस निघाले, कुणाचे १८ तर कुणाचे २५४ पर्यंत, आणि मध्ये एखादा दिवस हुकला म्हणून फार काही बिघडलं नाही, म्हणजे कॅलेंडरवरचा ‘ताप’ चालतो.

राहिली अवघड गोष्ट. हे चित्र आणि अडचण शेजारी ठेवणं सगळ्यांना जोरात पळवतं असं नाही. ज्यांना भरवसा आहे ते जोर लावतात, आणि ज्यांना खरोखर चान्स कमी वाटतात ते हळूहळू त्या ध्येयातून अंग काढून घेतात, आणि ओटिंगेनबाई हा पण त्या पद्धतीचा फायदाच समजतात. स्वप्न रंगवणाऱ्याला नेमकं हेच जमत नाही, त्याचं चित्र पहिल्या अटेम्प्टला जेवढं चकचकीत होतं तेवढंच पाचव्याला असतं. पाचव्या वर्षीही "कशावरून?" ला उत्तर पहिल्या वर्षाचंच निघत असेल, आणि तिकडं बाप सोयाबीनच्या पट्टीतून रूमभाडं पाठवायलाय, तर तलाठी, बँक, आयटीआय, काय जमेल तो दुसरा फॉर्म भरा, आणि तिथं पहिल्या आठवड्यापासून टेस्टचे मार्क लिहायला एक कॅलेंडर टांगा.