टक्, पण कुठून?

पुण्याजवळच्या बोपदेव घाटात सकाळी साडेसहाला स्वतःच्या श्वासाखेरीज फारसं काही ऐकू येत नाही. नेमकं तिथेच माझी सायकल वाजायला लागली. प्रत्येक पाय खाली दाबला की टक्. उजवा, टक्. डावा, टक्. कोंढव्यापर्यंत सपाटीवर गप्प होती, चढ लागला आणि सुरू झाली. सासवडला चहा प्यायलो तेव्हा थांबली, हे वेगळं सांगायला नको.

ओळखीच्या दुकानात नेली. मेकॅनिकने क्रँक, म्हणजे पेडल ज्याच्या टोकाला बसतं तो हात, धरून डावी-उजवी हलवली, कान खाली नेला आणि म्हणाला, "सर, बीबी गेलंय." बीबी म्हणजे बॉटम ब्रॅकेट, फ्रेमच्या पोटातला तो भाग ज्यात क्रँकचा दांडा फिरतो. आजोबांच्या सायकलीत तिथे एक्सल, दोन वाट्या आणि छर्रे असायचे. आता सगळं एका बंद डबीत येतं. नवीन बीबी बसवलं, पैसे दिले. पुढच्या रविवारी बोपदेवला पुन्हा टक्.

मेकॅनिकला दोष देण्यात अर्थ नव्हता, कारण मलाही आवाज तिथूनच आल्यासारखा वाटत होता. आपले कान इथे सपशेल फसतात, आणि का फसतात ते गमतीचं आहे. आवाज कुठून आला हे मेंदू मुख्यतः दोन कानांतल्या फरकावरून ठरवतो. डावीकडून आलेला आवाज डाव्या कानात आधी पोचतो, उजव्यात किंचित उशिरा. हा उशीर जास्तीत जास्त ०.७ मिलिसेकंदाच्या आसपास असतो, तरी मेंदूला तेवढा पुरतो. पण सायकल कुठे असते? बरोब्बर आपल्या मधोमध. पुढचं चाक, हँडल, बीबी, सीट, मागचं चाक, सगळं नाकाच्या रेषेत. यातल्या कुठल्याही ठिकाणचा आवाज दोन्ही कानांत जवळपास एकदमच पोचतो. आवाज पुढचा की मागचा, वरचा की खालचा, हे सांगायला उरते ती फक्त कानाच्या पाळीच्या वळणांची थोडीशी मदत, आणि ती समोरून येणाऱ्या वाऱ्यात बुडून जाते.

त्यात फ्रेम पोकळ नळ्यांची. हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. स्टीलच्या किंवा अॅल्युमिनियमच्या दांड्यातून साधारण ५ किलोमीटर. मागच्या चाकापाशी झालेली टक् हँडलपर्यंत पोचायला काहीच वेळ लागत नाही, आणि वाटेतली प्रत्येक नळी तिला तंबोऱ्याच्या भोपळ्यासारखी मोठी करते. जाड भिंतीच्या जुन्या काळ्या सायकलीपेक्षा पातळ कार्बनची महागडी सायकल जास्त कुरकुरते, ती म्हणूनच. पैसे जास्त, भोपळा मोठा.

मग करायचं काय? कान 'कुठे' हे सांगत नसले तरी 'केव्हा' हे फार चोख सांगतात. म्हणून आवाजाच्या मागे न लागता ताल मोजायचा. कारखान्यात मोठ्या यंत्रांची कंपनं तपासणारे इंजिनिअर हेच करतात: कुठला भाग एका फेरीत किती वेळा फिरतो ते काढायचं, आणि आवाजाचा ताल कुणाशी जुळतो ते बघायचं.

सायकलीचा हिशेब सोपा आहे. पुढे ५० दात्यांची चकती आणि मागे १७ दात्यांची, असा गिअर धरा. पायाच्या एका फेरीत चाक जवळजवळ तीन वेळा फिरतं. मागच्या डिरेल्यूरमधली (गिअर बदलताना चेन सरकवणारा भाग) ११ दात्यांची छोटी चाकं साडेचार वेळा फिरतात. आणि चेन? साधारण ११० कड्यांची चेन ५० दात्यांवरून पूर्ण जायला पायाच्या २.२ फेऱ्या लागतात. म्हणजे दर फेरीला एकदा येणारा आवाज पेडल, क्रँक किंवा बुटाचा. फेरीला तीनदा येणारा, आणि पाय थांबवले तरी चालूच राहणारा, चाकाचा: व्हॉल्व्हची नळी रिमच्या भोकात खडखडत असेल, दोन स्पोक एकमेकांना घासत असतील, किंवा टायरमध्ये खडा रुतला असेल. पावसाळ्यानंतर चिमणीसारखं चूं-चूं ऐकू आलं, तर बहुतेक वेळा ती डिरेल्यूरची कोरडी पडलेली छोटी चाकं असतात. एक थेंब तेल टाकलं की चिमणी उडते.

आपल्या भाषेत यासाठी शब्दांचा साठाही भरपूर आहे. कुरकुर, करकर, खडखड, किर्र, टिकटिक. मेकॅनिककडे जाताना 'काहीतरी आवाज येतोय' म्हणण्यापेक्षा यातला नेमका शब्द सांगावा, कारण त्यात अर्धं निदान असतं. खडखड म्हणजे काहीतरी सुटं आहे आणि आपटतंय. कुरकुर आणि टक् यांची जात वेगळी. तिथे सगळं घट्ट असतं, निदान दिसायला तरी.

घट्ट बसलेल्या दोन भागांवर जोर आला की ते एकमेकांवरून सरकू पाहतात. घर्षण त्यांना धरून ठेवतं. जोर वाढत जातो, धातू स्प्रिंगसारखा किंचित वाकून ताण साठवतो, आणि एका क्षणी पकड सुटते. स्थिर असताना घर्षण जास्त असतं, एकदा सरकायला लागलं की कमी होतं. त्यामुळे भाग हळू न सरकता झटक्यात सटकतो आणि पुढे जाऊन पुन्हा अडकतो. सटकलेलं अंतर केसाच्या जाडीपेक्षाही कमी असू शकतं, पण साठलेला ताण एकदम फ्रेममध्ये मोकळा होतो. तीच आपली टक्. हीच अडक-सटक सेकंदाला शेकडो वेळा झाली की दाराची बिजागरी करकरते, आणि व्हायोलिनची तार गज ओढला की गाते. व्हायोलिनवाला गजाला राळ लावतो ती ही अडक-सटक नीट व्हावी म्हणून; आपण ग्रीस लावतो ती होऊ नये म्हणून.

जोर किती असतो याची आपल्याला कल्पना नसते. ७० किलोचा माणूस आडव्या झालेल्या पेडलवर पूर्ण उभा राहिला आणि क्रँक १७० मिलिमीटरचा असला, तर ५० दात्यांच्या चकतीवर चेनमध्ये सुमारे १२० किलो वजन टांगल्याइतका ताण येतो. घाटात आपण पुढची छोटी, ३४ दात्यांची चकती घेतो. तिची त्रिज्या लहान, म्हणून तेवढ्याच पायाच्या जोरावर चेनचा ताण १७० किलोच्या वर जातो. पाय हलके झाल्यासारखे वाटतात आणि मागच्या चाकाचा आस मात्र आधीपेक्षा जास्त ओढला जातो.

इथे माझी ट्यूब पेटली. आवाज घाटात येत होता तो चढामुळे की छोट्या चकतीमुळे? पुढच्या वेळी एकेक गोष्ट बदलत गेलो. एका वेळी एकच, हे महत्त्वाचं. दोन बदलल्या की काही कळत नाही. सीटवरून उठून पेडल मारलं, टक् चालूच. म्हणजे सीट आणि सीटपोस्ट, तिच्याखालची नळी, निर्दोष सुटले. (बरेचदा गुन्हेगार तेच असतात. उभं राहिल्यावर कुरकुर थांबली तर बीबी उघडण्याआधी सीटपोस्ट काढून पुसा.) हँडलवर नुसते तळवे टेकवले, ओढलं नाही, टक् चालूच. हँडल आणि त्याला फ्रेमशी जोडणारा स्टेमही निर्दोष. एकाच पायाने, मग दुसऱ्याने पेडल मारलं. प्रत्येक पायाला एकेक टक्. दोन्ही पेडलं एकाच दिवशी, एकाच सुरात बिघडणं जरा जास्तच योगायोगाचं, तेव्हा तीही सुटली. मग तशाच चढावर पुढे मोठी चकती घेतली, आणि पायाचा जोर तेवढाच राहावा म्हणून मागेही तेवढ्याच पटीने मोठी. टक् जवळजवळ गायब.

म्हणजे आवाज चेनच्या ताणाचा. चेनचा ताण दोन टोकांना पोचतो: पुढे बीबीवर आणि मागे चाकाच्या आसावर. बीबी नवीन होतं.

घरी पार्किंगमध्ये मित्राला बोलावलं. छोट्या चकतीवर चेन टाकली, क्रँक आडवा केला, पुढचा ब्रेक आवळून धरला आणि पेडलवर जोर दिला. टक्. जागच्या जागी, वाऱ्याशिवाय, हवा तेव्हा. मित्र खाली बसून एकेका जोडावर बोटं ठेवत गेला. कानाला न कळणारी जागा बोटाला कळते, कारण उगमापाशी झटका तीव्र लागतो. बीबीवर काही नाही. खालच्या नळीवर काही नाही. फ्रेममध्ये मागच्या चाकाचा आस बसतो त्या खाचेवर बोट ठेवलं आणि तो म्हणाला, "अरे, इथे आहे. चावतंय बोटाला."

चाक काढलं. खाचेच्या आतल्या बाजूला, जिथे आसाची टोकं टेकतात, तिथे चकचकीत घासलेली एक कमान दिसत होती आणि तिच्या कडेला काजळासारखा काळा लगदा. अॅल्युमिनियम सूक्ष्म हालचालीने घासत राहिलं की असंच काळं पीठ पडतं. त्यात आमच्या वाटेवरची धूळ मिसळलेली. फडक्याने पुसलं, बोटाच्या टोकाएवढं ग्रीस पातळ लावलं, चाक आवळणारी क्विक रिलीजची कळ तळव्यावर वळ उठेल इतकी घट्ट दाबली. दहा मिनिटांचं काम. जुनं बीबी अजून माझ्या खणात आहे, आणि बोटाने फिरवलं की लोण्यासारखं फिरतं.

बीबीवर नेहमीच खोटा आळ येतो असं नाही. आट्यांऐवजी फ्रेममध्ये नुसते दाबून बसवलेले बीबी कुरकुरीसाठी कुप्रसिद्धच आहेत, इतके की गेल्या काही वर्षांत अनेक कंपन्या पुन्हा आट्यांकडे वळल्या. पण बीबी काढायला खास पाना लागतो, वेळ लागतो, पैसे लागतात. पुसणं आणि ग्रीस फुकट. तेव्हा फुकटची तपासणी आधी. पेडल काढून आटे पुसणार असाल तर डाव्या पेडलचे आटे उलटे असतात हे लक्षात ठेवा. मी एकदा विसरलो होतो. पाना सटकला आणि चकतीच्या दात्यांची खूण पोटरीवर राहिली.

आणि हो, बुटाची नाडी. तिचं प्लास्टिकचं टोक क्रँकवर दर फेरीला एकदा अगदी महागड्या बिघाडासारखं वाजतं.

दोन महिने सायकल गप्प होती. परवा दिवेघाटात पुन्हा सुरू झाली, पण या वेळी बारीक टिक्. पोटात गोळा यायच्या आधी मोजलं. एक, दोन, टिक्. एक, दोन, टिक्. अधूनमधून टिक् जरा उशिरा, तिसऱ्या फेरीत. छोट्या चकतीवर टाकली: एक, दोन, तीन, टिक्. ३४ दाते, ११० कड्या, सव्वातीन फेऱ्या. वर पोचल्यावर झाडाखाली सायकल उभी केली, पेडल हळूहळू उलटं फिरवलं आणि डिरेल्यूरच्या खालच्या चाकाकडे बघत बसलो. साठ-सत्तर कड्या नीट वळून गेल्या. मग एक कडी ताठच राहिली आणि चाकावरून उडी मारून गेली. दोन्ही हातांनी धरून तिला आडवी मागेपुढे वाकवली, चारपाच वेळा. सुटली.