रिव्हॉल्वर कधी जाम होत नाही? होतं की!

अलास्कात अस्वलांच्या भागात फिरणारे लोक कमरेला हलकी मॅग्नम (म्हणजे जास्त ताकदीच्या काडतुसाची) रिव्हॉल्वर लावतात आणि वर सांगतात की पिस्तूल अडकेल पण रिव्हॉल्वर कधीच नाही. हे अर्धंच खरं आहे.

स्मिथ अँड वेसन कंपनीची 329पीडी रिव्हॉल्वर घ्या, स्कँडियम मिश्रधातूची फ्रेम, टायटॅनियमचा सिलिंडर (काडतुसं भरायचा फिरता भाग), वजन जेमतेम 700 ग्रॅम आणि काडतूस .44 मॅग्नम, म्हणजे तेच जे साधारण 1,200 ग्रॅमच्या स्टीलच्या 629 या त्यांच्याच मॉडेलमध्ये चालतं. वजन कमी म्हणजे झटका जास्त, आणि त्या झटक्याने न उडालेल्या काडतुसांतल्या गोळ्या केसमधून (काडतुसाच्या धातूच्या नळीतून) हळूहळू पुढे सरकतात, एखादी सिलिंडरच्या बाहेर डोकावली की तो फिरायचाच थांबतो, मग ट्रिगर कितीही ओढा! म्हणून घट्ट क्रिंपची (केसचं तोंड गोळीभोवती आवळलेली) काडतुसं घ्यायची, आणि पाच उडवून सहावं मोजून बघायचं, लांबी वाढलीय का ते.

कस्टमायझेशनचंही तसंच. ट्रिगर हलका व्हावा म्हणून लोक नरम स्प्रिंग टाकतात (हौस भारी), मग हॅमरचा ठोका कमी पडतो आणि कडक प्रायमर (काडतुसाच्या बुडाची, ठोक्याने पेटणारी टिकली) पेटतच नाही. त्यापेक्षा जाड रबरी ग्रिप टाका, झटका निदान सोसवतो.