माधव गाडगीळ यांचे वनसंशोधन आणि पूर्व विदर्भातील ग्रामसभा

परिसंस्थाशास्त्रज्ञ माधव धनंजय गाडगीळ (जन्म : पुणे, २४ मे १९४२) यांचे जंगलांवरील संशोधन आणि गडचिरोली व चंद्रपूर जिल्ह्यांतील ग्रामसभांनी उभे केलेले वनव्यवस्थापन यांच्यातील देवाणघेवाण हा या नोंदीचा विषय आहे. गाडगीळांचे नाव निघाले की पश्चिम घाट आठवतो आणि ते साहजिक आहे. परंतु जंगलाजवळ राहणाऱ्यांना जंगलाचे नेमके ज्ञान असते, ते मोजमापाने पारखून पाहता येते आणि त्यावर कारभार उभा करता येतो, या त्यांच्या मांडणीला रोजच्या व्यवहारातला भरभक्कम आधार मिळाला तो विदर्भातल्या गोंड गावांत. ही गावे गाडगीळांच्या सिद्धांतातून उभी राहिली, असे मात्र म्हणता येत नाही. मेंढा (लेखा) येथील काम त्यांचे लिखाण तिथे पोहोचण्याच्या आधीच सुरू झाले होते.

गाडगीळ हे अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांचे पुत्र. पुण्याचे फर्ग्युसन महाविद्यालय आणि मुंबई विद्यापीठ येथे जीवशास्त्र शिकून ते हार्वर्ड विद्यापीठात गेले व १९६९ मध्ये गणिती परिसंस्थाशास्त्रात त्यांनी डॉक्टरेट मिळवली. सजीवांच्या आयुष्यक्रमावर नैसर्गिक निवडीचा काय परिणाम होतो, यावर विल्यम बॉसर्ट यांच्यासह त्यांनी १९७० मध्ये प्रसिद्ध केलेला निबंध या शाखेत पायाभूत मानला जातो. १९७१ मध्ये ते भारतात परतले. १९७३ पासून ते बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत होते आणि १९८३ मध्ये तेथे परिसंस्थाविज्ञान केंद्र सुरू करण्यात त्यांचा पुढाकार होता. पद्मश्री (१९८१), पद्मभूषण (२००६), टायलर पुरस्कार (२०१५) आणि संयुक्त राष्ट्रांचा ‘चॅम्पियन्स ऑफ द अर्थ’ हा सन्मान (२०२४) त्यांना मिळाला.

परतल्यावरचे त्यांचे पहिले मोठे क्षेत्रकाम देवरायांवर झाले. वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक यांच्याबरोबर त्यांनी सह्याद्रीतील देवराया पाहिल्या, त्यांतील वनस्पतींची नोंद केली आणि लोक त्या कशासाठी राखतात, हेही विचारले. श्रीवर्धन तालुक्यातील गाणी गावच्या लोकांनी आपली देवराई तोडीतून वाचवण्यासाठी त्यांची मदत मागितली होती. रान तुटले तर ओढा आटेल, हे गावकऱ्यांचे म्हणणे होते. श्रद्धेआड पाण्याचा रोकडा हिशेब असतो, हे गाडगीळांच्या विचारात तेव्हापासून पक्के झालेले दिसते.

विदर्भाच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाचे ठरते ते कर्नाटकातील बांबूचे काम. १९७५ च्या सुमारास टोपल्या-सुपे विणणाऱ्या कारागिरांनी बांबू मिळेनासा झाल्याची तक्रार केली. राज्याचे तेव्हाचे अर्थमंत्री एम. वाय. घोरपडे यांनी या प्रश्नात लक्ष घातले आणि अभ्यास गाडगीळांकडे आला. कागद गिरण्यांना सरकारी जंगलातील बांबू टनाला दीड रुपया या भावाने मिळत होता, तर कारागिरांना तोच बांबू बाजारभावाने विकत घ्यावा लागत होता. बांबू कमी का झाला, याचे अधिकृत उत्तर ठरलेले होते : गावकऱ्यांची गुरे कोंब खातात.

गाडगीळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बांबूची बेटे प्रत्यक्ष मोजायला घेतली. कटांग जातीच्या काटेरी बांबूच्या बेटाच्या बुडाशी काटेरी फांद्यांचे दाट जाळे असते. तोडणी सोपी व्हावी आणि बेटाची गर्दी कमी व्हावी म्हणून हे जाळे साफ करण्याची पद्धत होती. पावसाळ्यात जमिनीतून वर येणारा कोवळा कोंब, ज्याला पूर्व विदर्भात वास्ता म्हणतात, त्या जाळ्याच्या आत सुरक्षित असतो. जाळे काढले की तो गुरांच्या, वानरांच्या आणि साळिंदरांच्या तोंडी लागतो. वरची जुनी काठी तोडली जाते, खालून नवी येत नाही आणि काही वर्षांत बेट खलास होते. गुरे कोंब खात होती हे खरेच, पण त्यांना वाट करून दिली होती ती साफसफाईने. आसपासच्या गावकऱ्यांना हे ठाऊक होते आणि ते तसे सांगतही होते. मोजणीने त्यांचे म्हणणे खरे ठरवले. गाडगीळांच्या कारकिर्दीतले हे वळण मला सर्वांत मोलाचे वाटते, कारण इथून पुढे ‘लोकांना विचारा आणि मग मोजा’ ही त्यांची पद्धतच झाली.

हा निष्कर्ष गडचिरोलीला जसाच्या तसा लागू होत नाही. इथल्या जंगलातला मुख्य बांबू म्हणजे मानवेल. त्याला काटे नसतात, काठी जवळजवळ भरीव असते. त्याच्या रांजीचे (बेटाला इकडे रांजी म्हणतात) आरोग्य वेगळ्या गोष्टींवर ठरते : त्या वर्षीच्या आणि मागल्या वर्षीच्या काठ्यांना हात लावायचा नाही, त्यांना आधार देण्यापुरत्या जुन्या काठ्या ठेवायच्या, जमिनीलगतच्या पेराच्या वर तोडायचे, कंद खणायचा नाही, आणि एकदा तोडलेल्या रांजीला काही वर्षे विश्रांती द्यायची. नवी काठी एका पावसाळ्यात पूर्ण उंची गाठते, नंतर जाड होत नाही, फक्त पक्की होते. त्यामुळे कोवळी काठी तोडणाऱ्याच्या हाती कमकुवत माल येतो आणि रांजीचेही नुकसान होते. लांबून आलेल्या ठेकेदाराच्या मजुराला नगामागे पैसे मिळतात. पुढल्या वर्षी तो त्याच रांजीपाशी येईल याची खात्री नसते, म्हणून हे नियम कागदावरच राहतात. गावाच्या मजुराला त्याच रांजीपाशी परत यायचे असते.

मुळात या जंगलावर गावांचा वापर जुना आहे. जमीनदारी-मालगुजारीच्या काळात सरपण, बांबू, चराई, मोहफुले यांचे निस्तार हक्क (घरच्या गरजेपुरते जंगल वापरण्याचे हक्क) नोंदलेले होते. विदर्भ तेव्हाच्या मध्य प्रदेशात असताना १९५० च्या कायद्याने जमीनदारी संपली, जंगले सरकारकडे गेली आणि निस्तार हळूहळू हक्काऐवजी सवलत होऊन बसला. बल्लारपूरच्या कागद गिरणीला याच पट्ट्यातून बांबू जाऊ लागला. बुरूड कारागीर आणि घराला कूड घालणारा शेतकरी मात्र परवान्याच्या रांगेत उभे राहिले. कर्नाटकातलेच दृश्य इथेही होते.

धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) हे शंभराच्या आसपास घरांचे गोंड गाव. १९८० च्या दशकात इंचमपल्ली आणि भोपालपट्टणम या धरणांविरुद्ध ‘जंगल बचाव, मानव बचाव’ आंदोलन झाले. त्यातून या गावात जी चर्चा सुरू झाली ती थांबली नाही. देवाजी तोफा यांचे गावातले नेतृत्व आणि ‘वृक्षमित्र’ संस्थेचे मोहन हिराबाई हिरालाल यांची सोबत यांतून दोन प्रथा रुजल्या. पहिली, निर्णय बहुमताने न घेता सर्वसहमतीने घ्यायचा. दुसरी म्हणजे अभ्यासगट : ज्यांना एखाद्या प्रश्नात रस आहे त्यांनी नियमित बसायचे, बाहेरच्या जाणकारालाही बोलवायचे, पण तिथे निर्णय घ्यायचा नाही. निर्णय ग्रामसभेत. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा सर्वांना माहीत असते. त्या घोषणेमागे अभ्यासगटांतल्या असंख्य संध्याकाळी आहेत, त्यांची दखल फारशी घेतली जात नाही.

मधाचे उदाहरण घ्यावे. आग्या मोहोळ काढायचे म्हणजे धूर-जाळ करून माश्या मारायच्या आणि पोळे अख्खे कापायचे, ही सर्वत्र चालत आलेली रीत. मेंढ्यात या विषयावर अभ्यासगट बसला आणि अंगभर पोशाख घालून पोळ्याचा फक्त मधाचा भाग कापायचा, अंडी-अळ्यांचा भाग तसाच ठेवायचा, ही पद्धत गावाने स्वीकारली. पोळे टिकते, माश्या टिकतात, पुन्हा मध मिळतो. फळझाडे न तोडण्याचा नियमही असाच चर्चेतून झाला. गाडगीळांना या गावाविषयी जो जिव्हाळा वाटला त्याचे कारण इथे आहे. निरीक्षण, शंका, चर्चा, प्रयोग आणि फेरविचार हे विज्ञानाचे टप्पे घोटुलाच्या (गोंड गावातल्या सामाईक घराच्या) अंगणात चालू होते.

वनहक्क कायदा २००६ मध्ये झाला. २००९ मध्ये मेंढा आणि मर्दा या गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांना सामूहिक वनहक्क मिळाले. देशात असे हक्क मिळवणाऱ्या पहिल्या गावांत त्यांची गणना होते. मेंढ्याच्या वाट्याला सुमारे १,८०० हेक्टर जंगल आले. हक्क मिळाला तरी बांबू विकता येईना, कारण वाहतूक परवाना वन विभागाच्या हाती होता आणि बांबू गौण वनोपज की इमारती लाकूड, हा वाद उकरला जात होता. कायद्याने तर बांबू स्पष्टपणे गौण वनोपजात धरलेला होता. मार्च २०११ मध्ये केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी मुख्यमंत्र्यांना तसे पत्र लिहिले आणि २७ एप्रिल २०११ रोजी मेंढ्यात येऊन परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले. मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण तेव्हा उपस्थित होते. सप्टेंबर २०१२ मध्ये वनहक्क नियमांत दुरुस्ती होऊन परवान्याचा अधिकार ग्रामसभांकडे आला. एका गावाच्या चिकाटीचा लाभ देशभरातल्या वनहक्कधारक गावांना झाला.

मेंढ्याला परवान्याचे पुस्तक मिळाले त्याच वर्षी, ३१ ऑगस्ट २०११ रोजी, गाडगीळांच्या अध्यक्षतेखालील पश्चिम घाट परिसंस्था तज्ज्ञ गटाने आपला अहवाल सादर केला. ही समितीही रमेश यांच्याच कारकिर्दीत नेमलेली होती. कोणत्या भागात काय चालावे हे ग्रामसभांशी चर्चा करून ठरवावे, हा अहवालाचा गाभा होता. ‘ग्रामसभेला हे जमेल का?’ या आक्षेपाला उत्तर देताना गाडगीळ आपल्या लेखांतून आणि भाषणांतून मेंढा आणि पाचगाव यांच्याकडे बोट दाखवत. विदर्भाने त्यांना काय दिले, ते यावरून कळते.

पाचगाव हे चंद्रपूर जिल्ह्याच्या गोंडपिपरी तालुक्यातील गाव. त्याला २०१२ मध्ये सुमारे १,००० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. पारोमिता गोस्वामी यांच्या ‘श्रमिक एल्गार’ संघटनेची या लढ्यात साथ होती. गावाने स्वतःचे नियम लिहून काढले, बांबू तोडून विकायला घेतला आणि तेंदूपाने मात्र तोडायची नाहीत असे ठरवले. विदर्भात हे सोपे नाही. उन्हाळ्यात हातात रोख पैसा देणारा तेंदूपत्ता हा अनेक गावांचा मोठा आधार. पण नवी कोवळी पालवी फुटावी म्हणून आधी खुटकटाई (तेंदूच्या झुडपांची छाटणी) होते, त्यासाठी कुठे कुठे आगही लावली जाते, आणि वणव्यात बांबूची रोपे व नवे कोंब जळतात. छाटलेल्या तेंदूला फळ धरत नाही. ते फळ माणसांचे आणि पाखरांचेही खाद्य आहे. बांबूचे उत्पन्न हाती असल्यामुळे पाचगावला तेंदू सोडणे परवडले. ज्या गावाच्या जंगलात बांबू नाही त्याला हाच निर्णय सुचवणे अन्याय होईल.

गाडगीळांच्या कामातून कायद्यात आलेली गोष्ट म्हणजे लोकजैवविविधता नोंदवही. १९९० च्या दशकात त्यांनी सहकाऱ्यांसह ही कल्पना गावागावांत राबवून पाहिली आणि २००२ च्या जैवविविधता कायद्यानंतर तिला अधिकृत स्थान मिळाले. गावात कोणती झाडे, मासे, पाखरे आहेत, कोणती घटली, कोण काय वापरतो, हे गावानेच नोंदवायचे. अनेक ठिकाणी ही वही बाहेरच्या माणसाने एका दमात भरून टाकलेला तक्ता झाली, हे खेदाने नमूद केले पाहिजे. सामूहिक वनहक्काच्या गावांत तिला काम असते : यंदा किती काठ्या तोडायच्या, कोणता भाग बंद ठेवायचा, हे ठरवायला तिथे आकडे लागतात.

या ज्ञानाची खरी कसोटी बांबूच्या फुलोऱ्याला लागते. मानवेल काही दशकांतून एकदा फुलतो, बी धरतो आणि मरतो. मोठ्या क्षेत्रावर एकदम फुलोरा आला की वाळलेल्या रांजींचे ढीग उभे राहतात आणि एक ठिणगी पुरते. अशा वेळी वाळलेला बांबू लवकर काढून विकायचा, पडलेल्या बियांतून उगवलेल्या गवतासारख्या रोपांवर काही पावसाळे गुरे जाऊ द्यायची नाहीत, जाळरेषा (आग पसरू नये म्हणून साफ केलेले पट्टे) काढायच्या, उन्हाळ्यात पाळीने पहारा ठेवायचा आणि रांजी पुन्हा तोडण्याजोगी होईपर्यंत त्या भागातल्या उत्पन्नावर पाणी सोडायचे, एवढे सगळे ग्रामसभेला एकमताने ठरवावे लागते. त्या वर्षांत मजुरी कुठून येणार याची तजवीज ग्रामकोशात आधीपासून करावी लागते, आणि फुललेल्या भागाची नोंद तारखेसह वहीत ठेवावी लागते, कारण तिथला पुढचा फुलोरा बहुधा आजच्या लहान मुलांच्या ग्रामसभेला हाताळायचा असतो.