‘पेशी’ या संज्ञेची आणि तिच्या परिवाराची पार्श्वभूमी

सजीवाच्या रचनेचा आणि कार्याचा मूलभूत घटक, ही पेशीची आजची व्याख्या आहे. ज्या इंग्रजी शब्दासाठी आपण ‘पेशी’ हा शब्द योजतो, त्या ‘सेल’चा मूळ अर्थ मात्र जिवंतपणाशी जोडलेला नव्हता. रॉबर्ट हूक यांनी १६६५ मध्ये ‘मायक्रोग्राफिया’ या ग्रंथात बुचाच्या पातळ कापाचे चित्र प्रसिद्ध केले आणि त्यात दिसलेल्या पोकळ्यांना ‘सेल’ म्हटले. लहान खोली या अर्थाच्या ‘सेला’ या लॅटिन शब्दावरून ते नाव आले. एका घन इंच बुचात अशा सुमारे १२६ कोटी पोकळ्या असाव्यात, असा हिशोबही त्यांनी मांडला. बूच हा झाडाच्या सालीचा मृत भाग असल्याने हूक यांनी नाव दिले ते भिंतींना व त्यांमधील रिकाम्या जागेला. हिरव्या वनस्पतींमधील पोकळ्या रसाने भरलेल्या असतात हे त्यांनी पाहिले होते, परंतु तो रसच मुख्य आहे असे मानण्याचे कारण तेव्हा कोणाजवळच नव्हते.

पुढची सुमारे पावणेदोनशे वर्षे लक्ष भिंतीवरच राहिले. ते आत वळण्यास १८३१ मधील एक निरीक्षण कारणीभूत ठरले. ऑर्किडच्या पेशींमध्ये पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या एका गोलाकार, अपारदर्शक भागाला रॉबर्ट ब्राउन यांनी ‘न्यूक्लिअस’, म्हणजे केंद्रक, असे नाव दिले. या केंद्रकाच्या आधारेच मथियास श्लायडन यांनी १८३८ मध्ये वनस्पतींविषयी आणि थिओडोर श्वान यांनी १८३९ मध्ये प्राण्यांविषयी पेशीसिद्धांत मांडला. प्राण्यांच्या ऊतींमध्ये वनस्पतींसारख्या ठळक भिंती नसतात. म्हणून दोन्हींतील साम्य ओळखण्यासाठी श्वान यांना केंद्रकाचाच आधार घ्यावा लागला. नवी पेशी द्रवातून स्फटिकाप्रमाणे तयार होते, हा दोघांचा समज मात्र टिकला नाही. पेशी विभाजनानेच वाढतात असे रॉबर्ट रेमाक यांनी दाखवले होते; ‘प्रत्येक पेशी पेशीपासूनच’ हे त्याच आशयाचे सूत्र १८५५ मध्ये रुडॉल्फ फिरखो यांच्यामुळे सर्वमान्य झाले. रेमाक यांना त्यांच्या कामाच्या मानाने श्रेय फारच कमी मिळाले, हे येथे नोंदवणे आवश्यक वाटते.

भिंतीचे महत्त्व खऱ्या अर्थाने संपले ते १८६१ मध्ये. केंद्रक असलेला जीवद्रव्याचा, म्हणजे पेशीतील सजीव द्रव्याचा, गोळा म्हणजे पेशी, अशी व्याख्या माक्स शुल्ट्झे यांनी केली आणि मूळ नाव ज्या वस्तूला मिळाले होते तीच वस्तू व्याख्येतून बाहेर गेली. शब्द तोच राहिला, त्याचा विषय बदलला.

मराठी संज्ञेचा प्रवास याहून वेगळा आहे. संस्कृत वैद्यकात ‘पेशी’ म्हणजे मांसाचा पिंड किंवा स्नायू. सुश्रुतसंहितेत शरीरातील पेशींची संख्या पाचशे सांगितली आहे, ती याच अर्थाने. हिंदीत ‘पेशी’ आजही स्नायूसाठी वापरतात आणि ‘सेल’साठी ‘कोशिका’ हा शब्द आहे. मराठी विश्वकोशानेही ‘कोशिका’ वापरला, तर पाठ्यपुस्तकांत आणि बोलण्यात ‘पेशी’ रुजला. ‘कोशिका’ आवरण सुचवतो, ‘पेशी’ आतील सजीव द्रव्य सुचवतो. शुल्ट्झे यांच्यानंतरच्या अर्थाला ‘पेशी’ हा शब्द अधिक जवळचा आहे, असे माझे मत आहे.

पेशीच्या अंतर्भागाशी निगडित अनेक संज्ञा रंगद्रव्यांच्या साहाय्याने जन्मल्या. कृत्रिम रंगांचा उद्योग १८५६ नंतर वाढला आणि त्यांपैकी काही रंग केंद्रकातील विशिष्ट भागच शोषून घेतात असे आढळले. त्या भागातून विभाजनाच्या वेळी धागे तयार होतात हे पाहून वाल्टर फ्लेमिंग यांनी १८८२ मध्ये ‘धागा’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून ‘मायटोसिस’ ही संज्ञा घडवली. आपले ‘सूत्री विभाजन’ तीच प्रतिमा जपते. त्याच धाग्यांना १८८८ मध्ये विल्हेल्म वाल्डायर यांनी ‘क्रोमोसोम’, म्हणजे रंगीत काया (शरीर), असे नाव दिले, कारण त्यांचे कार्य अद्याप अज्ञात होते. आनुवंशिकतेशी त्यांचा संबंध १९०२-०३ च्या सुमारास वॉल्टर सटन आणि थिओडोर बोव्हेरी यांनी मांडला. मराठीतील ‘गुणसूत्र’ हा शब्द या नंतरच्या ज्ञानावर उभा आहे, त्यामुळे तो मूळ संज्ञेपेक्षा अधिक सांगतो. ‘तंतुकणिका’ मात्र कार्ल बेंडा यांच्या १८९८ मधील ‘मायटोकॉन्ड्रियन’चा सरळ अनुवाद आहे, आणि पेशीतील ऊर्जानिर्मितीचा त्यात उल्लेखही नाही.

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आल्यानंतर आंतर्द्रव्यजालिकेसारखी (पेशीतील पातळ पडद्यांचे जाळे) नावे मिळाली. ‘लायसोसोम’, म्हणजे लयकारिका (पेशीतील पाचक पिशवी), ही संज्ञा क्रिस्तियान द द्यूव यांनी १९५५ मध्ये दिली. लयकारिकेचा शोध तर आधी रासायनिक प्रयोगांतूनच लागला होता.

शुल्ट्झे यांची व्याख्याही पुढे अपुरी पडली. जीवाणूंमध्ये पटलाने, म्हणजे पातळ पडद्याने, वेढलेले केंद्रक नसते, आणि माणसाच्या परिपक्व तांबड्या रक्तपेशींमध्येही ते नसते. १९६२ मध्ये रॉजर स्टॅनियर आणि कॉर्नेलिस व्हॅन नील यांनी असे केंद्रक असण्या-नसण्याचा भेद जीवाणूंच्या व्याख्येचा पाया केला. ‘आदिकेंद्रकी’ (असे केंद्रक नसलेले) आणि ‘दृश्यकेंद्रकी’ (ते असलेले) या आपल्या संज्ञा त्याच भेदाच्या आहेत. त्यामुळे पेशीची ओळख आता केंद्रकावर नव्हे, तर प्रद्रव्यपटलावर, म्हणजे पेशीभोवतीच्या पातळ पडद्यावर, आणि त्याने वेढलेल्या सजीव द्रव्यावर अवलंबून आहे.