माहेरी निघण्याआधी कागद जुळवा: मातृवंदना आणि जननी योजनांचे अर्ज

कोकणात पहिलं बाळंतपण माहेरी. ओटी भरली की लेक आईकडे येते. नवरा मुंबईला कामावर, रेशनकार्ड सासरी, आधारवर माहेरचं आडनाव आणि पासबुकावर सासरचं. हक्काचे पैसे अडकतात ते या नावांच्या घोळात. म्हणून सातव्या महिन्याची वाट बघू नका, दिवस गेल्याचं कळलं की लगेच कामाला लागा.

आधी नोंदणी. वाडीतल्या आशाताईंना सांगा किंवा उपकेंद्रात नर्सबाईंकडे जा. तिथे माता-बाल संरक्षण कार्ड मिळतं. प्रत्येक तपासणी त्यावर लिहून घ्या, कारण पुढचा प्रत्येक अर्ज या कार्डावरच उभा असतो.

मातृवंदना योजना

पहिल्या अपत्यासाठी 5,000 रुपये, दोन हप्त्यांत. गरोदरपणाची नोंदणी आणि शेवटच्या पाळीपासून सहा महिन्यांच्या आत किमान एक तपासणी झाली की 3,000. बाळाची जन्मनोंद आणि साडेतीन महिन्यांपर्यंतच्या लसी पूर्ण झाल्या की उरलेले 2,000. दुसरं अपत्य मुलगी असेल तर एकरकमी 6,000, पण त्यासाठीही गरोदरपणातच नोंदणी हवी. अर्जाची मुदत बाळंतपणानंतर 270 दिवस.

बाईचं वय किमान 18 वर्षं 7 महिने हवं. शिवाय यांपैकी एक पुरावा पुरतो: अन्नसुरक्षेचं किंवा दारिद्र्यरेषेखालचं रेशनकार्ड, अनुसूचित जाती-जमातीचा दाखला, रोजगार हमीचं जॉबकार्ड, ई-श्रम कार्ड, आयुष्मान कार्ड, स्वतःच्या नावावर किसान सन्मान निधी, 40 टक्के किंवा अधिक अपंगत्वाचा दाखला, किंवा वर्षाला 8 लाखांपेक्षा कमी उत्पन्नाचा तहसीलचा दाखला. मासळी विकणाऱ्या, आंब्याच्या बागेत किंवा चिरेखाणीवर राबणाऱ्या बाईकडे यातलं काहीच नसेल, तर ई-श्रम कार्ड काढणं सर्वात सोपं. सरकारी नोकरीत कायम असलेल्यांना ही योजना नाही.

सोबत आधार, माता-बाल कार्ड, मोबाइल नंबर आणि बाईच्या स्वतःच्या नावाचं खातं. नवऱ्याचं आधार आता सक्तीचं नाही. एकट्या बाईला त्यावरून कोणी परत पाठवलं तर ठामपणे सांगा.

खात्याबद्दल थोडं सविस्तर. केवायसी (ओळखीची कागदपत्रं देणं) झाली म्हणजे आधार अनुदानासाठी जोडलं गेलं असं नाही. बँकेत जाऊन 'डीबीटीसाठी (सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी) आधार जोडायचंय' असं स्पष्ट म्हणा. दोन-तीन खाती असतील तर पैसे आधारशी शेवटी जोडलेल्या खात्यात जातात, आणि ते कुठलं हे घरात कुणाला आठवत नसतं. बँक लांब असेल तर पोस्टमनकडून पोस्ट बँकेचं खातं घरीच उघडता येतं.

आणि एक सांगायलाच हवं. गर्भपात झाला किंवा बाळ पोटातच गेलं, तर पुढच्या खेपेला त्या बाईला नव्याने लाभ मिळतो. अशा वेळी घरातलं कुणी हा विषय काढत नाही. आशाताईंनी हळूच काढावा.

जननी सुरक्षा आणि जननी-शिशु सुरक्षा

दारिद्र्यरेषेखालच्या आणि अनुसूचित जाती-जमातीच्या बाईला सरकारी दवाखान्यात बाळंतपण झाल्यावर ग्रामीण भागात 700, शहरात 600 रुपये मिळतात. वयाची आणि अपत्यसंख्येची अट 2013 मध्येच गेली.

दुसऱ्या, म्हणजे जननी-शिशु सुरक्षा योजनेला अर्जच नाही, म्हणून ती कुणाला माहीत नसते. 2011 पासून सरकारी दवाखान्यात प्रत्येक बाईचं बाळंतपण, सिझेरियनसुद्धा, मोफत आहे. औषधं, तपासण्या, रक्त, तिथलं जेवण (साध्या बाळंतपणात 3 दिवस, सिझेरियनला 7), नेणारी आणि घरी सोडणारी गाडी, सगळं. वय कमी म्हणून मातृवंदनेत न बसणाऱ्या कातकरी पोरीलाही हे लागू आहे. औषध बाहेरून आणायला सांगितलं तर चिठ्ठी जपून ठेवा आणि वैद्यकीय अधीक्षकांना दाखवा.

दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यांत डॉक्टरांकडून गरोदर मातांची मोफत तपासणी होते. माहेरी आल्यावर पहिली 9 तारीख चुकवू नका. तिथल्या आशाताईंना कार्ड दाखवा आणि सासरच्या आशाताईंचा नंबर द्या. जन्माची नोंद बाळ जिथे जन्मलं तिथे होते, 21 दिवसांत, म्हणून दाखला घेतल्याशिवाय सासरी परतू नका.

बाळंतपणाची तारीख जून ते सप्टेंबरमधली असेल आणि वाटेत पऱ्या (ओढा) किंवा साकव (छोटा पूल) असेल, तर आठवडाभर आधीच दवाखान्याजवळच्या नातेवाइकांकडे राहायला जा. कार्ड, आधार, पासबुक आणि रेशनकार्डाची झेरॉक्स प्लास्टिकच्या पिशवीत बांधून दाराजवळ ठेवा. कळा सुरू झाल्या की 102, अवघड वाटलं तर 108.